शंभराचा असो की पाचशेचा, स्टॅम्प पेपरवर घटस्फोट होत नाही

जामनेर : मी वकील नाही. कपाशी-मका करतो आणि गावाकडच्या बातम्या पाठवतो. तरी या विषयावर लिहायला बसलो, कारण एका चुकीच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

बारा वर्षं होत आली. भाऊबंदकीतल्या एका पोरीचं सासरी पटत नव्हतं. मारझोड होती, नवरा दारूत होता. ती दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन माहेरी आली. दोन्हीकडची माणसं मारुतीच्या पारावर बसली. कोर्टात गेलं तर वकिलाला पैसे कुठून आणायचे, त्यापेक्षा इथंच मिटवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. शंभराचा स्टॅम्प आणला. ‘आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे होत आहोत. यापुढे एकमेकांवर हक्क राहणार नाही. मुलगी आईकडे राहील, तिच्या खर्चाची मागणी आई करणार नाही.’ खाली दोघांच्या सह्या, चार साक्षीदार. माझं अक्षर चांगलं म्हणून मजकूर मीच उतरवला. नोटरीचा लाल शिक्का बसला आणि सगळ्यांना वाटलं, झाली फारकत.

काही झालं नव्हतं. नवऱ्यानं वर्षभरात दुसरी बायको केली. हिला पुढे एक चांगलं स्थळ आलं, त्यांनी वकिलाला कागद दाखवला. वकील म्हणाला, ही बाई कायद्यानं अजून पहिल्याचीच बायको आहे. स्थळ गेलं. मुलगी मोठी होत गेली, शाळेचा खर्च वाढला, तेव्हा हिनं पोटगीचा अर्ज केला. समोरच्या वकिलानं तोच माझ्या अक्षरातला कागद कोर्टापुढे ठेवला. मुलीची पोटगी मंजूर झाली. तिची स्वतःची अजून अडकलेली आहे.

असे कागद आजही होत आहेत. आता कमीत कमी स्टॅम्प पाचशेचा झाला, एवढाच फरक.

त्या कागदानं काय होतं

हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख या सगळ्यांना तो लागू आहे. या कायद्याखाली झालेलं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच मोडतं. नोटरी फक्त सही खरी आहे एवढं सांगतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. सरपंचाला नाही, पोलीस पाटलाला नाही, पोलीस ठाण्यालाही नाही.

एक अपवाद आहे आणि त्याचाच आधार घेऊन गावात ‘चालतं’ म्हणतात. ज्या समाजात काडीमोडीची रूढी फार जुनी आणि अखंड चालत आलेली आहे, तिला याच कायद्याच्या कलम २९ मध्ये जागा ठेवलेली आहे. पण ती रूढी आपल्या समाजात होती आणि ती नीट पाळली गेली, हे पुढे वाद झाला की कोर्टात सिद्ध करावं लागतं. साक्षीपुरावे लागतात. म्हणजे कोर्ट चुकवायला निघालेला माणूस शेवटी कोर्टातच जातो, तेही दहा वर्षांनी, साक्षीदार म्हातारे झाल्यावर. आपल्याकडे फारकतीनंतर गंधर्व लावून देतात. पहिलं लग्न कायद्यानं मोडलेलं नसेल तर ते दुसरं लग्न रद्दबातल असतं. वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हाही आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

याची किंमत बहुतेक वेळा बाईच देते. महाराष्ट्रातलाच यमुनाबाई आढाव यांचा खटला वकिलांना पाठ असतो. १९७४ साली त्यांचं रीतीप्रमाणे लग्न झालं, पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती आणि ते लग्न मोडलेलं नव्हतं. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा दुसऱ्या बायकोला पत्नी म्हणून पोटगी मागता येत नाही. अलीकडे थोडा बदल झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेलंगणातल्या एका बाईच्या प्रकरणात, पहिल्या नवऱ्यापासून ती फक्त लेखी करार करून वेगळी झालेली असतानाही, दुसऱ्या नवऱ्यानं पोटगी द्यावी असा निकाल सुप्रीम कोर्टानं दिला. पण एवढ्यासाठी त्या बाईला दिल्लीपर्यंत भांडावं लागलं. आपल्यातल्या किती जणी जातील?

कागदात आणखी एक फास असतो, तो मला तेव्हा माहीत नव्हता. पोटगीच्या कायद्यात असं आहे की नवरा-बायको एकमेकांच्या संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळत नाही. म्हणजे ‘राजीखुशीने वेगळे होत आहोत’ हे जे शब्द आपण भांडण मिटावं म्हणून गोड लिहितो, तेच उद्या तिच्या विरोधात जातात. लग्न तर मोडत नाही, पोटगी मात्र अडते. दोन्हीकडून नुकसान.

मुलाच्या खर्चाचं तसं नाही. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईनं ‘मागणार नाही’ लिहून दिलं तरी तो संपत नाही. ज्यांनी असा कागद आधीच केला असेल त्यांनी हे लक्षात ठेवा आणि आजही अर्ज करा.

वकील फुकट मिळतो, पण मागावा लागतो

पैसे नाहीत म्हणून पारावर मिटवलं, हे कारण मी सगळ्यात जास्त ऐकलं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही बाईला आणि मुलाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, माहेरची जमीन किती, भाऊ नोकरीला आहे का, हे काही विचारायचं नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग माणसांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकी पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मिळतो, त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हे पुरुषांना माहीतच नसतं. तीन-चार एकर कोरडवाहूवाला माणूस यात सहज बसतो.

जामनेरच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे. तिथं साधा अर्ज भरायचा. आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि आपलं म्हणणं एका कागदावर. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेतात. जळगावला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथंही हाच अर्ज चालतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर देशभर एकच आहे.

मिळालेल्या वकिलाचे पैसे प्राधिकरण देतं. तुम्ही द्यायचे नाहीत. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते आणि वकील बदलूनही मागता येतो. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ असं गावात बोलतात. काही वकील मन लावून काम करतात, काही तारखेवर तारीख घेतात. हे पैसे देऊन लावलेल्या वकिलांच्या बाबतीतही मी तसंच पाहिलं आहे. आपण प्रत्येक तारखेला हजर राहिलो आणि विचारत राहिलो तर काम हलतं.

कोर्ट फीचंही तसंच. १ ऑक्टोबर १९९४ च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेनं पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या दाव्यांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. मग खर्च उरतो तो झेरॉक्सचा, नकलांचा आणि जाण्यायेण्याचा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. तारखेच्या दिवशीची मजुरी बुडते, ती मात्र कोणी भरून देत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत हा खर्च छोटा नसतो.

आधी पोटगी, घटस्फोट नंतर

बहुतेक जण उलटं करतात. आधी घटस्फोट मागतात, तो दोन-तीन वर्षं चालतो, आणि तोवर मूल आजोबांच्या जिवावर राहतं. पोटगीसाठी घटस्फोटाची वाट पाहायची गरजच नाही.

पूर्वी याला ‘१२५ ची केस’ म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. वकील अजूनही १२५ च म्हणतात, घाबरू नका, गोष्ट तीच आहे. हा अर्ज बाई आता जिथं राहते तिथल्या कोर्टात करता येतो. सासर सुरतला असो की नंदुरबारला, ती माहेरी जामनेर तालुक्यात राहत असेल तर जामनेरला अर्ज चालतो. मुलासाठी वेगळी रक्कम मागायची. अर्जासोबतच अंतरिम पोटगी मागा, म्हणजे निकाल लागेपर्यंतची. नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. तरीही अर्ज लवकर टाकण्यात फायदा आहे, कारण रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. अर्ज जितका उशिरा, तितके महिने बुडाले.

त्याच निकालानं दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगणं बंधनकारक केलं. इथं शेतकऱ्याच्या घरात खरी ओढाताण होते. नोकरदाराची पगाराची पावती असते. शेतकरी नवरा म्हणतो, जमीन बापाच्या नावावर, मी तर मजुरी करतो. म्हणून पुरावा आपणच गोळा करायचा. महाभूमीच्या साइटवर कोणाचाही सातबारा पाहता येतो, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. आठ-अ, फेरफार, विहीर-बोअरची नोंद, ठिबक, पीक पाहणीत किती कपाशी, किती केळी. ट्रॅक्टर, मोटरसायकल, दुधाचा धंदा. बाजार समितीत किंवा जिनिंगवर माल कोणाच्या नावानं गेला. अन् काहीच नसलं तरी धडधाकट माणसानं अंगमेहनत करून बायको-पोरांना सांभाळलं पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्येही बजावलं आहे. ‘माझ्याकडे काही नाही’ एवढ्यावर सुटका नाही.

हुकूम झाल्यावरही पैसे देत नाही, हे नेहमीचं. मग वसुलीचा अर्ज करायचा. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही. मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. ‘देईल, देईल’ करत दोन वर्षं बसलात तर जुने पैसे या वाटेनं मिळणार नाहीत.

मारझोड असेल तर पोटगीच्या बरोबरीनं २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही आहे. त्यात घरातून हाकलू नये, मारू नये, खर्च द्यावा आणि मुलाचा तात्पुरता ताबा द्यावा असे हुकूम एकाच अर्जावर मिळू शकतात. हा अर्ज तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करता येतो किंवा थेट कोर्टात. संरक्षण अधिकारी कोण आहेत ते अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला विचारा. रात्री-अपरात्री जिवावर बेतलं तर ११२, आणि महिला हेल्पलाइन १८१.

पोटगी आधी घेण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. बायकोच्या बाजूनं पोटगीचा हुकूम झाला आणि त्यानंतर वर्षभर दोघं एकत्र राहिले नाहीत, तर एवढ्याच कारणावर बायको घटस्फोट मागू शकते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्येच हे आहे. क्रूरता सिद्ध करा, साक्षीदार आणा, ही सगळी यातायात कमी होते.

राजीखुशीचा घटस्फोट, पण कोर्टातला

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर पाचशेचा स्टॅम्प घेण्यापेक्षा कलम १३-ब खाली एकत्र अर्ज करा. हाच सगळ्यात स्वस्त आणि कमी तारखांचा रस्ता आहे. अट अशी की दोघं किमान एक वर्षापासून वेगळे राहत असावेत. अर्ज झाला की सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा कोर्टात येऊन ‘हो, आम्हाला वेगळं व्हायचं आहे’ असं सांगायचं. पहिल्या अर्जापासून १८ महिन्यांच्या आत हे झालं पाहिजे. ही सहा महिन्यांची मुदत माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, असं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं अमरदीप सिंग खटल्यात सांगितलं. दोघं दीड वर्षापेक्षा जास्त वेगळे राहत असतील, समेट होण्यासारखा नसेल आणि पोटगी-मुलाचं सगळं ठरलेलं असेल तर तसा अर्ज जरूर करा.

शेवटच्या तारखेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून ठरलेली रक्कम सगळी आधी देऊन मोकळं होणं नवऱ्यासाठी धोक्याचं, आणि काहीच न घेता सही करणं बायकोसाठी. अर्धी पहिल्या तारखेला, अर्धी शेवटच्या तारखेला कोर्टासमोर, असं बरेच वकील करून घेतात.

अर्जातल्या अटी मात्र घाईत लिहू नका. मूल कोणाकडे, दुसऱ्यानं कधी भेटायचं, दर महिना किती आणि तो दरवर्षी किती वाढणार, शाळा-दवाखान्याचा मोठा खर्च आला तर कोणी किती द्यायचा, लग्नातलं सोनं आणि भांडी कधी परत. आज पहिलीतल्या पोराला पुरणारे पैसे दहावीत पुरत नाहीत, ही वाढीची ओळ लोक हमखास विसरतात. एकरकमी देणार असतील तर मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकायला सांगा. घरात आलेली रोख विहिरीत किंवा लग्नकार्यात जाते, हे मी आपल्या माणसांबद्दलच बोलतोय.

समोरचा तयार नसेल

मग कलम १३ ची कारणं लागतात. क्रूरता, दुसऱ्याशी शरीरसंबंध, दोन वर्षं टाकून देणं, धर्मांतर, बरा न होणारा मानसिक आजार, सात वर्षं बेपत्ता असणं, ही मुख्य. लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय अर्ज होत नाही, फारच भयंकर काही असेल तर वेगळी परवानगी मागावी लागते. बाई जिथं राहते तिथल्या हद्दीतल्या कोर्टात ती याचिका करू शकते. कौटुंबिक न्यायालयाची हद्द असेल तर तिथं, नाहीतर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. गावाप्रमाणे कोणतं कोर्ट ते समितीचे वकील सांगतील.

नवरा कामासाठी सुरतला गेला आणि नोटीसच घेत नाही, अशी प्रकरणं आपल्याकडे भरपूर. नोटीस नीट बजावूनही तो आला नाही तर कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकतं. पण त्याचा पत्ता खरा द्या. मुद्दाम चुकीचा पत्ता देऊन घेतलेला एकतर्फी निकाल नंतर रद्द होतो.

केस चालू असताना कलम २४ खाली खर्चाला आणि वकिलाला पैसे मागता येतात. ज्याची कमाई नाही तो नवराही हे मागू शकतो.

लोकअदालतीत घटस्फोट मिळत नाही, पोटगीची तडजोड मात्र होते आणि ती कोर्टाच्या हुकमाइतकीच पक्की असते.

मूल कोणाकडे

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात आहे. त्यापुढे कोर्ट एकच पाहतं, मुलाचं भलं कशात आहे. बापाकडे वीस एकर आणि आई निंदणीला जाते म्हणून मूल बापाला, असा हिशेब नसतो. शाळा कुठं सुरू आहे, आजारपणात कोण उठतं, घरात दारू आहे का, हे विचारतात. मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्यालाही विचारतात. त्याला घरी पढवून नेऊ नका, लगेच कळतं.

मूल आईकडे असलं तरी बापाला भेटीचा हक्क राहतो. पोटगी थकली म्हणून भेट बंद, किंवा भेट दिली नाही म्हणून पोटगी बंद, हे दोन्ही चुकीचं. दोन वेगळे हुकूम आहेत. यात पोरांची फार ओढाताण होते. एका तारखेला कोर्टाच्या वऱ्हांड्यात एक मुलगा बापानं आणलेला भेळीचा पुडा हातात धरून बसला होता, खात नव्हता. आई रागावेल म्हणून.

जमिनीबद्दल गैरसमज आहे, तो काढतो. घटस्फोटानं बायकोचा नवऱ्याच्या घराशी संबंध संपतो, मुलाचा नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतः हिस्सा आहे, आणि २००५ पासून मुलीचाही मुलाइतकाच. ‘मुलाचा जमिनीवर हक्क राहणार नाही’ असं आईकडून लिहून घेतात. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही.

ज्यांना हिंदू कायदा लागू नाही

तीन तलाक एका दमात देणं २०१९ पासून गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुस्लिम बाईला १९३९ च्या कायद्याखाली स्वतः कोर्टातून तलाक मागता येतो. तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही पोटगीच्या सर्वसाधारण कायद्याखाली अर्ज करता येतो, हे सुप्रीम कोर्टानं १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट केलं. भिल्ल, पावरा अशा अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही, त्यांच्यात समाजाची रीत चालते. पोटगीचा कायदा आणि फुकटचा वकील मात्र सगळ्यांना आहे.

अठराच्या आत लग्न लावलेल्या मुलीनं वीस वर्षांची होईपर्यंत लग्नच रद्द करून मागता येतं. तिला घटस्फोटाची गरज नाही.

पंचायतीनं वाळीत टाकायची धमकी दिली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. समाजाच्या बैठकीत समजुतीनं बोलणं वाईट नाही. ठरलेलं कोर्टात नेऊन पक्कं करा एवढंच.

दरम्यान घर कसं चालवायचं

संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाची केस चालू असलेल्या आणि घटस्फोट होऊन पोटगी न मिळणाऱ्या बायका बसतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, महिन्याला १५०० रुपये मिळतात, अर्ज तहसीलला. लाडक्या बहिणीचे पैसे घेत असाल तर दोन्ही एकत्र मिळणार नाहीत. मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, आई-बाप वेगळे झालेल्या मुलांनाही ती लागू आहे, महिन्याला २२५० रुपये. तिचा अर्ज जळगावच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. आपल्या तालुक्यात या दुसऱ्या योजनेचे अर्ज करायला अंगणवाडी ताईंनीच काही घरांना सांगितलं, नाहीतर नावही माहीत नसतं.

निकाल लागला की हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित नकला काढून ठेवा. रेशन कार्ड वेगळं करायला, योजनांना, पुढच्या लग्नाला, सगळीकडे तीच लागते. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, ती संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका.

पोटगी देणाऱ्या बापांनी रोख देऊ नये. बँकेत किंवा फोन पे वर टाका आणि ‘पोटगी, अमुक महिना’ असं लिहा. रोख दिलेले पैसे सिद्ध करता येत नाहीत.

पहिल्या दिवशी कोर्टात जाताना पिशवीत एवढं असू द्या : आधार, रेशन कार्ड, लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो, ग्रामपंचायतीत नोंद असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाईड, मारहाण झाली असेल तर दवाखान्याचे कागद, नवऱ्याचा सातबारा. स्टॅम्पवर फारकत झालेली असेल तर तो कागदही न्या, लपवू नका. केस दाखल झाली की १६ अंकी सीएनआर नंबर मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते, तारीख विचारायला कोणाला पन्नास रुपये द्यावे लागत नाहीत.

आमच्या त्या पोरीची पुढची तारीख मी त्याच ॲपवर पाहून ठेवली आहे. साक्षीला मला बोलावलं आहे. त्या दिवशी पारावर तिला कोणी काही विचारलं होतं का, असं विचारतील. नव्हतं विचारलं.